जरा दाबून बघा!

असे एक काका तुमच्याही सोसायटीत असणारच. तयार मिळणारी वस्तू विकत आणणं ज्यांना कमीपणाचं वाटतं, ते. आमचे काका प्रेशर सेन्सर बनवतात. जिन्यात गाठ पडली की "काय, कसं काय" वगैरे नाही, खिशातून एक काळी वडी निघते आणि, "जरा दाबून बघा!"

वडी म्हणजे आयसी ज्यात टोचून येतात तो कार्बन मिसळलेला फोम. वर-खाली तांब्याच्या पत्र्याचे तुकडे, दोन्हींना एकेक वायर, जोडीला दहा किलोओहमचा रेझिस्टर आणि सगळं अर्डुइनोच्या बोर्डाला. फोम दाबला की त्याचा रोध उतरतो आणि स्क्रीनवरचा आकडा 1023 कडे चढू लागतो. "एडिसननं 1877 साली टेलिफोनसाठी कार्बनच दाबला होता," हे काका असं सांगतात, की एडिसन तपकीर गल्लीत इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात त्यांच्याच पुढे रांगेत होता.

पोस्टमननं दाबलंय. इस्त्रीवाल्यानं दाबलंय. मुलीला बघायला आलेल्यांपुढे पोह्यांच्या आधी वडी आली. मुलाच्या वडिलांनी 640 पर्यंत दाबलं, आणि काकांनी मनोमन लग्न ठरवून टाकलं. सोसायटीच्या सभेत हात वर करण्याऐवजी वडी दाबून मतदान घ्यावं, असा ठराव त्यांनी मांडला. सेक्रेटरींनी तो दाबला. तेवढं एकच दाबणं काकांना आवडलं नाही.

मग वडी सिलिंडरखाली गेली. 14.2 किलोंपैकी गॅस किती उरला, ते आता घरबसल्या कळणार! होळीच्या दिवशी काकू डाळीचा दाणा दोन बोटांत दाबून बघत होत्या (त्या घरातला एकमेव भरवशाचा सेन्सर), तेवढ्यात शेगडी विझली. स्क्रीनवर सिलिंडर भरलेलाच. या फोमची खोडच ती: वजनाखाली एकदा बसला की बसला, वजन घटलं तरी चटकन उठत नाही.

"वजन मोजायचा लोडसेल आणा की," मी म्हटलं.

"विकत?"

अर्डुइनो कुठून आला, हे विचारायची सोय नाही.

आता कबूल करायलाच हवं, की एके ठिकाणी ही वडी चोख चालली. काकांच्या आई रात्री कुणाला न उठवता उठायच्या आणि पडायच्या. काकांनी त्यांच्या गादीखाली फोम सरकवला. आकडा घसरला की काकांच्या उशाशी बझर. तिथे किलो मोजायचे नव्हते, आई गादीवर आहे की नाही एवढंच कळायला हवं होतं. आजी पुन्हा पडल्या नाहीत. काका मात्र त्या काळात सलग कधी झोपले नसावेत.

सिलिंडरखाली आहे तो तोच तुकडा, हे मला काकूंकडून कळलं. नवा चार पैशांत मिळतो, पण काकू तो आणायला सांगत नाहीत. होळीला आमचा जादाचा सिलिंडर तेवढा मागून नेला. तो अजून परत यायचाय.