दान करावं तर फोटोत मावेल एवढं

दान कुणाला, किती आणि कसं द्यावं, यावर परदेशात जाडजूड ग्रंथ निघतात. कोल्हापुरात हा प्रश्न तालमीच्या कट्ट्यावर केव्हाच निकालात निघालाय. आमच्या पेठेतल्या एका मंडळाच्या अध्यक्षांचं शास्त्र सरळ आहे : देणारा कोण ते लांबून कळलं पाहिजे. घेणाऱ्याचं मागनं बघू.

ऑगस्ट 2019 च्या महापुरात या शास्त्राची कसोटी लागली. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी 43 फूट. पाणी 55 फुटांच्या वर गेलं. शिरोलीजवळ महामार्ग बुडाला. पाणी ओसरताच राज्यभरातून टेम्पो आले. त्यांत धान्य होतं, औषधं होती, चिखल उपसायला आलेली पोरं होती. आणि जुने कपडे होते. जिची भिंत पडली तिला टिकल्या गळालेला लग्नातला घागरा. ज्याला खोरं हवं होतं त्याला एका बाहीचा सूट. कपाटं मुंबई-पुण्यात रिकामी झाली, ढीग इथं लागले. इचलकरंजीत तर गहू-तांदळाच्या सरकारी पाकिटांवर नेत्यांचे फोटो झळकले. लोकांनी टीका केली. अध्यक्षांना मात्र छपाई आवडली.

“दादा, त्यापेक्षा रोख पैसेच का देत नाही?” मी विचारलं.

“छ्या! पैसं दिलं की पिऊन बसत्यात.”

केनियात एक संस्था गरिबांच्या मोबाइलवर थेट पैसे पाठवते. जागतिक बँकेच्या अभ्यासकांनी 2014 साली अशा योजनांवरची देशोदेशीची संशोधनं तपासली, तेव्हा दारू-तंबाखूवरचा खर्च वाढल्याचं काही दिसलं नाही. “त्यास्नी गटारीला कोल्हापुरात बोलवा,” अध्यक्ष म्हणाले. पण गटारीला बसणारे स्वतःच्या पगारावर बसतात. त्यांच्याकडं हिशेब कोण मागणार?

“आणि आम्ही तरी कुठलं श्रीमंत? मिडलक्लास माणसं.” हे वाक्य त्यांनी नव्या गाडीच्या बॉनेटला टेकून उच्चारलं. 2022 च्या जागतिक विषमता अहवालानुसार जगातल्या वरच्या 10 टक्क्यांच्या वाट्याला 52 टक्के उत्पन्न येतं, खालच्या निम्म्या जगाला साडेआठ टक्के. भारतात हेच आकडे 57 आणि 13. ते ऐकून अध्यक्षांनी मुंबईच्या उद्योगपतींना चार शेलक्या शिव्या हासडल्या. वरच्या दहांत आपणही बसत असू, ही शंका त्यांच्या आसपास फिरकली नाही. आमच्याकडं श्रीमंत म्हणजे आपल्यापेक्षा एक गाडी जास्त असलेला.

या शास्त्रात सगळ्यात कच्चे निघाले ते शाहू महाराज. 1901 पासून वसतिगृहं उभी केली, 1902 ला नोकऱ्यांत 50 टक्के जागा राखल्या, 1917 ला प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. आता याचा फोटो कसा काढायचा? वर आणखी पंचाईत अशी, की पोरगं शिकतं, नोकरीला लागतं आणि परत रांगेत उभंच राहत नाही. सगळेच असे मार्गी लागले, तर मंडळांनी वाटप कुणाला करायचं?

आमचे अध्यक्ष असला धोका पत्करत नाहीत. पुढच्या महापुरासाठी त्यांचे स्टिकर आत्ताच छापून आलेत. पाकिटात काय घालायचं, ते पाणी 43 फुटांवर गेलं की मिटिंग घेऊन ठरेल.