असंभाव्य नागरिकाची कैफियत

मानवी वाणी ऐकून ती बिनचूक लिहून देणारे यंत्र प्रत्येकाच्या खिशात आल्यामुळे लेखनिकांची जमात आता नामशेष होणार, असे भाकीत वर्तविणाऱ्या विद्वानांनी एकवार चंडीगढास येऊन जावे. कारण ज्या नगरीत वस्तीची ओळख नावाने नसून क्रमांकाने होते, आणि तोच क्रमांक भाजीवाला पंजाबीत, शिपाई हिंदीत, बँकेतला कारकून इंग्रजीत व आमच्यासारखा दक्षिणी इसम आधी मनातल्या मनात मराठीत उच्चारतो, तेथल्याइतकी कठोर परीक्षा या यंत्राची अन्यत्र होणे नाही.

वास्तविक ही जोडी जुळायला हवी होती. पंडित नेहरूंनी १९५२ साली या शहराची कोनशिला बसविली, त्याच वर्षी अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ‘ऑड्री’ नावाचे कपाटाएवढे यंत्र, परिचित माणसाने मध्ये थांबत थांबत उच्चारलेले शून्य ते नऊ हे आकडे ओळखू लागले होते.

परवा शिमल्याची बस गाठण्यासाठी निघालेल्या आमच्या मेहुण्यांनी फोनला शुद्ध हिंदीत ‘सेक्टर तैंतालीस’ असे फर्माविले. फोनने ‘तैंतीस’ असे रुजू करून घेतले. आणि रिक्षावाल्यानेही, तोंडी सांगण्यापेक्षा लेखी हुकूम प्रमाण मानण्याच्या सरकारी परंपरेस अनुसरून, त्यांना बसस्थानकाऐवजी शेवंतीच्या प्रदर्शनासाठी प्रसिद्ध असलेल्या टेरेस्ड गार्डनच्या दारात नेऊन उतरविले. बस अर्थातच गेली. “पण काय आत्मविश्वासानं नेलं हो त्यानं!” एवढेच मेहुणे म्हणाले.

खरी गोम इथेच आहे. जुन्या दप्तरातल्या मुनशीला शब्द कळला नाही, तर तो कानामागची लेखणी काढून “काय म्हणालात?” असे विचारी, यंत्र विचारीत नाही, ते अजमावते. कानी पडलेल्या ध्वनीतून कोणकोणते शब्द संभवतात याचा हिशेब मांडून, त्यांतला सर्वाधिक संभाव्य तो आपल्या तोंडी घालते. आता चंडीगढात मराठी माणूस असणे ही मुळातच असंभाव्य गोष्ट, तेव्हा त्याने उच्चारलेले काहीही संभाव्य कसे ठरावे? अमेरिकेत २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पाच बड्या कंपन्यांची यंत्रे गोऱ्यांच्या बोलण्यात सरासरी शंभरात एकोणीस, तर कृष्णवर्णीयांच्या बोलण्यात पस्तीस शब्द चुकली होती. तेव्हा इंग्रजी मातृभाषा असूनही सुटका नाही, हे एक समाधान. शेजारच्या सरदारजींची अवस्था तर आमच्याहून बिकट. पंजाबी मुखातला ‘घोडा’ महाप्राण टाकून ‘कोडा’सारखा, पण खालच्या सुरात येतो, आणि यंत्राने तो सूर गिरविलेला नसला, तर गृहस्थाच्या दारी घोडा येतच नाही.

परिणामी सारी वस्ती सुधारली आहे. घरच्या म्हातारीशी ज्यांनी कधी धड वाक्य पुरे केले नाही, ते लोक फोनपुढे आकाशवाणीच्या निवेदकासारखे स्वच्छ, संथ व आर्जवी बोलू लागले आहेत.

आम्ही मात्र न्यायालयाच्या आवारातल्या एका टंकलेखकाकडून रीतसर तक्रारअर्ज लिहून घेतला. आडनाव त्यालाही कळेना. परंतु “फिर से बोलिए, जी” असे म्हणत त्याने ते अखेर बिनचूक उतरविले. कंपनीचे उत्तर तत्परतेने आले: लेखी तक्रारींचा विचार केला जात नाही, तरी ग्राहकाने आपले म्हणणे फोनवर, सूचक ध्वनीनंतर, एका वाक्यात व स्पष्ट उच्चारात सांगावे.