कोळशाच्या पावतीवरचं पर्यावरण

कर वाचवायचा कसा, हे आपण दरवर्षी मार्चात कुणाकुणाला विचारत बसतो. कोळशाला विचारायला हवं होतं. २२ सप्टेंबर २०२५ला त्याच्यावरचा जीएसटी ५ टक्क्यांवरून थेट १८ टक्क्यांवर गेला आणि पठ्ठ्याचा कर कमी झाला!

खोटं वाटत असेल तर कागद-पेन घ्या. टनाला हजार रुपये दराचा कोळसा. त्यावर आधी ५ टक्क्यांनी ५० रुपये जीएसटी आणि वर टनामागे ४०० रुपये उपकर, एकूण ४५०. आता उपकर रद्द, १८ टक्क्यांनी झाले १८०. कोळसा जितका स्वस्त, तितकी सवलत घसघशीत. आणि स्वस्त कोळसा म्हणजे बहुधा ज्यात राखच जास्त, तो. साधारण तीन हजारांच्या पुढचा, बऱ्यापैकी जळणारा कोळसा मात्र पूर्वीपेक्षा जास्त कर भरतो. हुशार पोरांनी फी भरायची, नापासांना शिष्यवृत्ती.

हा उपकर जन्मला तेव्हा घरात केवढा आनंद होता! २०१०च्या अर्थसंकल्पात प्रणव मुखर्जींनी टनाला ५० रुपये लावले, नाव ठेवलं स्वच्छ ऊर्जा उपकर. पैसा सौर-पवन ऊर्जेच्या निधीत जायचा होता. पुढे जेटलींनी लागोपाठ तीन अर्थसंकल्पांत तो १००, २००, ४०० केला आणि २०१६ला नावही बदललं : स्वच्छ पर्यावरण उपकर. पोरगं बाळसेदार झालं. २०१८पर्यंत ८६ हजार कोटींच्या वर वसुली झाली. निधीत पोचला त्यातला तिसरा हिस्सा, खर्च झाले सोळा हजार कोटींच्या आसपास. बाकीचे कुठे गेले म्हणून विचारू नका. सरकारी तिजोरीत गेलेल्या पैशाला आडनाव नसतं.

२०१७ला जीएसटी आला आणि स्वारीची बदली राज्यांच्या नुकसानभरपाईकडे झाली. मग करोनात त्या भरपाईसाठी केंद्राने कर्ज काढलं, त्याच्या हप्त्यांनाही याने हातभार लावला. पृथ्वीचा ताप उतरवायला निघालेला गडी राज्यांची उधारी फेडता फेडता निवृत्त झाला.

तिकडे कोळशाच्या खाणींलगत, चंद्रपूर-घुग्घुसकडे गच्चीवरच्या दोरीवर पांढरा सदरा वाळत घातला, तर बाया तो काढताना आधी झटकतात, मग घडी घालतात. त्यांना या उपकराचं एकही नाव ठाऊक नसेल. ठाऊक असायचं कारणही नाही म्हणा, तो त्यांच्याकडे कधी फिरकलाच नव्हता.

सरकारला पर्यावरणाचं वावडं आहे, असं मात्र कुणी म्हणू नये. त्याच २२ सप्टेंबरला सौर उपकरणांवरचा जीएसटीही १२वरून ५ टक्क्यांवर आला. सूर्यालाही सवलत, कोळशालाही सवलत. दोघंही घटकपक्ष आहेत, एकाला नाराज करून चालतंय होय!