पहूर-परिसरीय नामाभिधानशास्त्र : एक प्रास्ताविक मीमांसा

जो ध्वनी उच्चारला असता विवक्षित अर्भक मान वळवते, आणि मोठे झाल्यावर मुद्दाम वळवत नाही, त्या ध्वनीस 'नाम' अशी संज्ञा आहे. या शास्त्राच्या अध्ययनास जामनेर तालुक्यातील पहूर हे क्षेत्र विशेष अनुकूल होय. हे ग्राम पहूर पेठ व पहूर कसबे असे द्विनामधारी असल्याने एका नावाने न भागण्याची प्रवृत्ती येथील मातीतच मुरलेली आहे. येथील नामसंभाराचे पाच संप्रदाय संभवतात.

१. अपकर्षवादी. ज्या घरी आधीची अपत्ये जगली नाहीत, तेथे बाळास हलके नाव ठेवावे, म्हणजे नियतीची दृष्टी त्यावर न थांबता पुढे सरकते, हे या संप्रदायाचे मूलसूत्र. याच्या दोन शाखा : पाषाणवादी (दगडू, धोंडू) आणि अवकरवादी (केरू, उकर्डा). पहिलीचा भर टिकाऊपणावर, दुसरीचा निरुपयोगीपणावर. क्रोएशिया-सर्बियादी दक्षिण स्लाव देशांत चेटकिणीची बाधा टळावी म्हणून मुलास 'वूक', म्हणजे लांडगा, असे नाव देत. सर्बियन कोशकार वूक कराजिच (जन्म १७८७) हे त्या पद्धतीचे ख्यातनाम उदाहरण. तुलनात्मक निष्कर्ष असा, की स्लावांनी अनिष्ट शक्तीला घाबरवले, खानदेशाने तिला निराश केले.

२. संतवादी. निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान, मुक्ता. हा संप्रदाय संचपूर्तीचा आग्रही आहे. बहिणाबाई चौधरी यांचे कवी पुत्र सोपानदेव याच परंपरेचे. एदलाबादचे मुक्ताईनगर झाल्यापासून गावेही बारशास पात्र ठरली आहेत.

३. लालान्त. हिरालाल, मोतीलाल, सुकलाल. गुजरात व बऱ्हाणपूर यांच्या शेजारातून हा प्रत्यय दृढ झालेला दिसतो. यात अर्थ पूर्वपदात राहतो, प्रतिष्ठा उत्तरपदात.

४. नक्षत्रवादी. नक्षत्रे २७, प्रत्येकी चरण ४, एकूण आद्याक्षरे १०८. आर्द्रेच्या तिसऱ्या चरणी जन्मलेल्या बाळाच्या वाट्याला 'ङ' हे अक्षर येते. अशा प्रसंगी गुरुजी दुसरे अक्षर काढून देतात. या क्रियेस 'अक्षरमोक्ष' म्हणावे.

५. अंशवादी. रियांश, दिव्यांश, शिवांश. उपपंथ : आरव, विहान. प्रमाणग्रंथ : मोबाइल. अर्भक कशाचा अंश आहे ते पालक सांगतात. उर्वरित भाग कोठे आहे याविषयी संप्रदाय मौन पाळतो.

आता परीक्षण. पारस्कर गृह्यसूत्राने मुलाच्या नावास घातलेल्या अटींपैकी चार येथे ग्राह्य धरल्या आहेत : अक्षरे दोन किंवा चार असावीत, आद्यवर्ण घोष असावा, मध्ये अंतःस्थ असावा, शेवट दीर्घ असावा. 'विहान' या नावाची अक्षरे तीन, मध्ये अंतःस्थ नाही, शेवट दीर्घ नाही. चारांपैकी एक गुण. 'धोंडू' यास केवळ अंतःस्थाचा अभाव नडतो, गुण तीन. 'केरू' केवळ आद्यवर्णात चुकला, गुण तीन. अर्थात, आजीने भयापोटी ठेवलेले नाव नातवाने लाजून टाकले असले, तरी शास्त्र आजीच्या बाजूने आहे.

नामक्षयाचा सिद्धान्तही येथेच मांडणे उचित. वापराने नाव झिजते : ज्ञानदेवाचा ग्यानू होतो, अथर्वाचा अथ्या. पन्नाशीनंतर उरलेसुरले नावही गळून सर्व पुरुष आबा, आप्पा, नाना वा बापू या चार पदांत विलीन होतात. निर्जीव वस्तूही यास अपवाद नाहीत. पहुरावरून धावणाऱ्या पाचोरा-जामनेर या अरुंदमापी रेल्वेचे पंचक्रोशीने 'पीजे' करून टाकले होते.

विधीविषयी. आत्या पाळण्यात वाकते, बाळाच्या कानाशी 'कुर्रर्र' म्हणते आणि नाव सांगते. त्याच क्षणी मागच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. हे धपाटे म्हणजेच प्रमाणीकरण. त्यानंतर वाटल्या जाणाऱ्या घुगऱ्यांचे महत्त्व पुराव्याच्या दृष्टीने आहे. पुढे कधीही वाद झाल्यास ज्येष्ठ व्यक्ती 'तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी' हे वचन उच्चारते, आणि त्यावर अपील चालत नाही.

आत्यापक्ष व मोबाइलपक्ष यांत एकमत न झाल्यास घाईचे कारण नाही. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ नुसार नावाविना झालेल्या जन्मनोंदीत नाव वर्षभर विनाशुल्क, व त्यापुढे शुल्क भरून १५ वर्षांपर्यंत घालता येते. तोवर अर्भकास 'गोलू' म्हणावे. अक्षरे दोन, आद्यवर्ण घोष, मध्ये अंतःस्थ, शेवट दीर्घ : चारांपैकी चार गुण.