डिफेन्समध्ये किती लक्ष घालावे: नव्या हेड कोचसाठी प्राथमिक मार्गदर्शिका

अभिनंदन! अमेरिकन फुटबॉलच्या एका संघाने तुम्हाला हेड कोच नेमले आहे. (पायाने खेळायचा फुटबॉल शिकवायला आला असाल तर पत्ता चुकला.) गळ्यात शिट्टी, कानावर हेडफोन, हातात लॅमिनेट केलेला चालींचा तक्ता. तो तक्ता बोलताना तोंडासमोर धरायचा असतो, समोरच्यांना ओठ वाचता येऊ नयेत म्हणून. एवढे जमले की निम्मे काम झाले.

उरलेले निम्मे अवघड आहे. इथे एका संघात खरे तर दोन संघ नांदतात. चेंडू आपल्याकडे असला की ऑफेन्सचे अकरा जण मैदानात. चेंडू गेला की ते बाकावर येऊन पाणी पितात आणि डिफेन्सचे अकरा उतरतात. दोन्हीकडे एकेक को-ऑर्डिनेटर असतो आणि बऱ्याच ठिकाणी तोच प्रत्येक चाल सांगतो. तुम्ही दोघांच्या वर. वर बसून नेमके काय करायचे, ते मात्र कुणी सांगत नाही.

१९५० च्या दशकात न्यूयॉर्क जायंट्सच्या जिम ली हॉवेल यांनी हा प्रश्न सुटसुटीत सोडवला होता. ऑफेन्स व्हिन्स लोम्बार्डींकडे, डिफेन्स टॉम लँड्रींकडे, आणि आपण चेंडूत हवा भरतो, असे ते गमतीने सांगत. १९५६ ची अजिंक्यपदाची लढत या संघाने शिकागो बेअर्सविरुद्ध ४७-७ अशी जिंकली. पण हाताखाली एकाच वेळी लोम्बार्डी आणि लँड्री, म्हणजे पुढे दिग्गज ठरलेले दोन कोच, असणे हे नशीब झाले. तुम्हाला पंप घेऊन स्वस्थ बसता येईलच असे नाही.

पायरी पहिली. तुमच्या डिफेन्स को-ऑर्डिनेटरला कुणी ठेवले, याची आधी चौकशी करा. माइक डिट्का १९८२ मध्ये बेअर्सचे हेड कोच झाले, तेव्हा बडी रायन तिथे आधीपासून ठाण मांडून होते. डिफेन्सच्या खेळाडूंनी मालक जॉर्ज हॅलस यांना पत्र लिहून रायनना राहू द्या अशी गळ घातली होती, आणि हॅलस यांनी ती मानलीही होती. मालकाने परस्पर ठेवलेला माणूस आपल्या हाताखाली आहे, हा समज फक्त आपला असतो.

दोघांचे पटत नव्हते, पण संघ जिंकत होता, त्यामुळे झाकली मूठ राहिली. २ डिसेंबर १९८५ ला मायामीत ती उघडली. सलग बारा सामने जिंकून आलेले बेअर्स मध्यंतराला ३१-१० असे मागे होते. मायामीचा नॅट मूर हा पास झेलणारा चपळ रिसीव्हर, आणि त्याच्यावर रायन यांनी लाइनबॅकर सोडला होता. लाइनबॅकर म्हणजे अंगाने दांडगा, आडवा पाडायला उत्तम. पण मूरच्या मागे पळायचे म्हणजे त्याची दमछाक. त्याला काढून पळणारा एक जादा बॅक आणा, असे डिट्का सांगत होते आणि रायन ऐकत नव्हते. प्रकरण हातघाईवर आले. सामना ३८-२४ असा गेला. त्या हंगामातली ती बेअर्सची एकमेव हार.

माझ्या मते त्या दिवशी डिट्कांचे बरोबर होते. पण नवशिक्याने याचा आधार घेऊ नये. बरोबर असणे आणि उपयोग होणे यांत बरेच अंतर असते. जानेवारी १९८६ मध्ये याच संघाने न्यू इंग्लंड पेट्रियट्सना ४६-१० असे लोळवून सुपर बोल, म्हणजे अजिंक्यपदाची लढत, जिंकला, आणि खेळाडूंनी डिट्कांबरोबर रायन यांनाही खांद्यावर घेतले. थोड्याच दिवसांत रायन फिलाडेल्फियाचे हेड कोच झाले.

पायरी दुसरी. सामना सुरू असताना डिफेन्सच्या कामात तोंड घालायचा मोह झाला तर घड्याळाकडे बघा. साधारणपणे एक चाल संपली की पुढच्या चालीसाठी ४० सेकंद मिळतात. समोरचे कोणते गडी उतरवतात ते आधी पाहायचे, त्यावरून आपले बदलायचे, मग चाल ठरवायची आणि रेडिओवर सांगायची. २००८ पासून डिफेन्सच्या एका खेळाडूच्या हेल्मेटमध्ये रेडिओ असतो. हेल्मेटमागच्या हिरव्या ठिपक्यावरून तो ओळखायचा. घड्याळात १५ सेकंद उरले की रेडिओ बंद. मग त्याने ओरडून बाकीच्या दहांना सांगायचे, तेही ऐंशी हजारांच्या गलक्यात. म्हणजे तुमच्या को-ऑर्डिनेटरच्या हाती जेमतेम २५ सेकंद. त्यात तुम्ही हेडफोनवर नुसते ‘ब्लिट्झ का नाही लावत?’ (म्हणजे पास फेकणाऱ्यावर जादा गडी का नाही सोडत?) म्हणालात तरी चार सेकंद गेले, आणि तो उत्तर द्यायला लागला तर सगळेच गेले. लग्नात आचाऱ्याच्या पातेल्यावरचे झाकण दर पाच मिनिटांनी उचलणारा यजमान आपण पाहिलेला असतो. भात कच्चा राहतो तो त्याच्यामुळे, आणि ओरडतोही तोच.

बिल बेलिचिक यांचे उदाहरण कृपया देऊ नका. पेट्रियट्सचे हेड कोच असताना कित्येक हंगाम त्यांनी डिफेन्स को-ऑर्डिनेटर हे पद कुणाला दिलेच नाही, आणि तिथे सहा सुपर बोल जिंकले. तुम्ही बेलिचिक असता तर ही मार्गदर्शिका वाचत बसला नसता.

तिसरी पायरी मी पायरी म्हणून लिहिणार नाही, कारण मुद्दा इथेच आहे. डिफेन्समध्ये लक्ष घालायचे तर ते ऑफेन्समधून घालावे. डिफेन्सला सगळ्यांत जास्त हवी असते ती विश्रांती, आणि ती देणे डिफेन्स को-ऑर्डिनेटरच्या हातात नसते. आपला ऑफेन्स तीन चालींत हात हलवत परत आला की डिफेन्सवाल्यांनी पाण्याची बाटली उघडावी तोवर पुन्हा उतरायचे.

जानेवारी १९९१ चा सुपर बोल घ्या. जायंट्स विरुद्ध बफेलो बिल्स. बिल्सचा ऑफेन्स एका चालीनंतर दुसरी धडाधड खेळून समोरच्याला धाप लावायचा. तेव्हा जायंट्सच्या डिफेन्सचे को-ऑर्डिनेटर बेलिचिकच होते, आणि त्यांनी आखलेला बेत आज कँटनच्या हॉल ऑफ फेममध्ये ठेवला आहे. संग्रहालयात कागद ठेवता येतो, घड्याळ ठेवता येत नाही. त्या दिवशी ६० मिनिटांपैकी ४० मिनिटे ३३ सेकंद चेंडू जायंट्सच्या ऑफेन्सकडे होता. तिसऱ्या भागात तर त्यांनी एकाच चढाईत नऊ मिनिटांहून अधिक वेळ खाल्ला. बिल्सचा तो भन्नाट ऑफेन्स बाकावर बसून सामना बघत होता. निकाल २०-१९. हेड कोच बिल पार्सेल्स मूळचे डिफेन्सवाले. डिफेन्सला काय लागते हे त्यांना माहीत होते, आणि ते त्यांनी ऑफेन्सकडून वसूल केले.

आता उलटे. फेब्रुवारी २०१७ चा सुपर बोल, पेट्रियट्सविरुद्ध अटलांटा फाल्कन्स तिसऱ्या भागात २८-३ असे पुढे. हेड कोच डॅन क्विन हेही डिफेन्सचेच. २८-२० झाले असताना, पाचेक मिनिटे उरलेली, फाल्कन्स पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर पोचले. तीनदा धावायचे, वेळ घालवायचा, तीन गुणांचा फील्ड गोल मारायचा, की ३१-२०. एकदा धावले. मग पास काढायला गेले, पास फेकणारा क्वार्टरबॅकच आडवा झाला, १२ यार्ड मागे. त्यावर पेनल्टी, आणखी १० मागे. फील्ड गोलची संधी गेली, चेंडूही लाथ मारून देऊन टाकला. फाल्कन्सच्या डिफेन्सला त्या रात्री ९३ चाली खेळाव्या लागल्या. ऑफेन्सने खेळल्या ४६. जादा वेळेत ३४-२८ अशी हार. डिफेन्सचा बेत कसा होता यावर पुढे पुष्कळ काथ्याकूट झाला. ९३ चालींनंतर कसला बेत? पाय उचलत नसतात. क्विन यांनी त्या एका क्षणी ऑफेन्सच्या हेडफोनवर ‘पळा’ एवढे म्हणायला हवे होते.

डिफेन्सच्या बाजूने हे ऑफेन्सला तुम्ही सांगितले नाहीत, तर दुसरा कुणी सांगेल आणि त्याची पद्धत वेगळी असेल. १९९३ च्या हंगामात बडी रायन ह्यूस्टन ऑइलर्सचा डिफेन्स सांभाळत होते. हेड कोच जॅक पार्डी, ऑफेन्सकडे केव्हिन गिलब्राइड. हा ऑफेन्स उठसूट चेंडू फेकायचा, आणि रायन त्याची उघड टवाळी करायचे. आपले गडी यापायी विनाकारण मैदानात राबतात, जायबंदी होतात, ही त्यांची तक्रार. २ जानेवारी १९९४ ला जेट्सविरुद्ध मध्यंतर तोंडावर आले असताना, वेळ घालवायचा सोडून पासची चाल निघाली, चेंडू सुटला आणि रायन यांच्या डिफेन्सला पुन्हा उतरावे लागले. रायन चालत गिलब्राइड यांच्याकडे गेले आणि त्यांनी जबड्याच्या दिशेने ठोसा हाणला. देशभर टीव्हीवर दिसले. ऑइलर्सने सामना २४-० असा जिंकला. त्याच वर्षी ॲरिझोना कार्डिनल्सनी रायन यांना हेड कोच नेमले, वर जनरल मॅनेजरही केले. म्हणजे ऑफेन्सचा को-ऑर्डिनेटर निवडायचा अधिकारही आता त्यांचाच.