मुदतवाढे

सॉफ्टवेअरच्या प्रत्येक कंपनीत एक मुदतवाढे असतात. जुनं मॉड्यूल काढायचं ठरलं की ते काम त्यांच्याच गळ्यात पडतं. बाकीचे एका दुपारी उडवून मोकळे होतील. मुदतवाढ्यांना 'उडवणं' हा शब्दच सोसत नाही.

"अहो, कोणीतरी वापरत असेल," हे त्यांचं पालुपद. कोण, ते सांगता येत नाही. फार खोदून विचारलं तर अकाउंट्सवाल्यांची महिनाअखेरीला चालणारी कुठलीशी स्क्रिप्ट पुढे येते. ती लिहिणारा कधीच नोकरी सोडून गेलेला असतो.

मग योजना ठरते. या आवृत्तीत माहितीपुस्तिकेत एक ओळ, पुढच्या आवृत्तीत इशारा, त्यापुढच्या आवृत्तीत काढून टाकणं. यातल्या इशाऱ्यावर ते जीव ओततात. आधी लिहितात, 'वापरू नये.' फारच तुटक वाटतं म्हणून खोडतात. 'वापर टाळावा.' तेही खोडतात. शेवटी कायम होतं ते 'नव्या कामात शक्यतो वापर टाळावा, ही विनंती.' पत्रिकेवरच्या 'कृपया आहेर आणू नये'ला लोक जेवढे बधतात, तेवढेच याला बधतात.

पायथॉन हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय. ही भाषा लागणारी बरीचशी मॉड्यूल्स सोबत घेऊनच येते. त्यातलं डिस्टयुटिल्स 2000 सालापासूनचं. 2021 मध्ये 3.10 आवृत्तीत त्याला निवृत्तीची नोटीस मिळाली आणि 2023 मध्ये 3.12 मधून ते गेलं. "दोन वर्षांत? एवढी काय घाई होती?" मुदतवाढे आजही हळहळतात. त्यापेक्षा पायथॉन 2 चा निरोप त्यांना पसंत. तो 2015 चा ठरला होता, पाच वर्षं लांबून 2020 वर गेला.

त्यात पायथॉनचा असा इशारा बहुधा दिसतच नाही. आपण थेट चालवलेल्या फाइलीतच तो जुना वापर असेल तर उमटतो, आतल्या लायब्ररीत असेल तर मुकाट गिळला जातो. वापरणाऱ्याला उगाच त्रास नको, हा त्यामागचा हेतू. मुदतवाढे याला सभ्यपणा म्हणतात. मला विचाराल तर ही न बोलता सांगितल्याचं पुण्य पदरात पाडून घेण्याची युक्ती आहे. मॉड्यूल खरंच जातं त्या दिवशी फोन खणखणतात, "आधी सांगायला काय झालं होतं?" आणि सगळे पुरावे हाताशी असूनही मुदतवाढे म्हणतात, "बरं, अजून एक आवृत्ती राहू दे."

डिस्टयुटिल्सचंही पुढे तसंच झालं. सेटअपटूल्स नावाच्या वेगळ्या लायब्ररीने त्याची प्रत आपल्या पोटात ठेवून घेतली. सेटअपटूल्स बसवलेलं असेल तर जुना कोड 3.12 वरही चालतो. हे कळलं तेव्हा मुदतवाढ्यांनी टीमला पेढे दिले. 2024 मध्ये 3.13 मधून 19 जुनी मॉड्यूल्स एकदम गेली, तेव्हा मात्र पेढ्यांचा डबा तसाच परत नेला.

परवा टीममधल्या नव्या मुलीने मीटिंगमध्ये सरळ विचारलं, "सर, मग आपलं मॉड्यूल नक्की कधी काढायचं?"

"काढायचं तर आहेच," मुदतवाढे म्हणाले. "आधी इशाऱ्यात 'शक्यतो' ठेवायचं की 'सहसा', तेवढं ठरवून घेऊ."