गाणं शंभर टक्क्यांत बसवा

ज्याचं गाणं प्रत्येक वरातीत वाजतं तो शाहीर आणि ज्याच्या खात्यात रॉयल्टी जमा होते तो शाहीर, हे सहसा दोन वेगळे इसम असतात. पहिल्याला शाल-श्रीफळ मिळतं. त्यातून वरातीत वाजणाऱ्या गाण्याला कायद्यानंच माफी दिलेली. म्हणजे मराठी गाणं जिथे सर्वांत जास्त वाजतं, नेमकं तिथेच ते फुकट!

पूर्वी तर प्रश्नच नव्हता. वेगळा करार नसेल तर सिनेमातल्या गाण्याचा धनी निर्माता, असं सर्वोच्च न्यायालयानं 1977 साली सांगून टाकलं होतं. 2012 साली कायदा बदलला, त्यासाठी जावेद अख्तर राज्यसभेत भांडले. आता गीतकारानं ‘राहू द्या हो, घरचंच कार्य आहे’ म्हणत रॉयल्टीतला आपला वाटा निर्मात्याला देऊन टाकला, तरी ते चालत नाही. कवीचा भिडस्तपणा थेट बेकायदा ठरला.

रॉयल्टीचे पैसे गोळा करून वाटायला मुंबईत 1969 पासून आयपीआरएस ही संस्था आहे. गाणं लिहिताक्षणी कॉपीराइट तुमचा, त्याला शिक्का लागत नाही. रॉयल्टीसाठी मात्र सभासद व्हा, पॅन द्या, रद्द केलेला चेक द्या आणि मग एकेक गाणं नोंदवा. सभासद झालो म्हणजे गाणीही आपोआप नोंदली गेली, अशी समजूत असलेले कवी पुष्कळ आहेत. ते निवांत आहेत.

खरी मैफल रंगते ती वाट्याच्या रकान्यात. शब्द कुणाचे, चाल कुणाची, कुणाला किती टक्के, बेरीज शंभर. आमच्या ओळखीचे एक शाहीर आणि त्यांचे पेटीमास्तर या रकान्यापर्यंत हातात हात घालून आले. शाहीर म्हणाले, “चाल मीच गुणगुणत आलो होतो, तुम्ही फक्त पेटीवर काढलीत.” मास्तर म्हणाले, “ध्रुवपदातला ‘गं’ माझा. तो काढा आणि गाऊन दाखवा.” ढोलकीवाला कोपऱ्यातून म्हणाला, “लोक नाचतात ते कशावर?” बेरीज एकशे चाळीसवर गेली. शेवटी दोघांनी आपापल्या घरून, आपापल्या टक्क्यांनी तेच गाणं नोंदवलं. आकडे जुळेनात म्हणून पैसे अडकून पडले. ते दोघंही समाधानी आहेत, कारण दुसऱ्यालाही मिळालेले नाहीत.

गाण्याचं नाव रोमन लिपीत लिहायचं, हा वेगळाच तमाशा. तिथे ‘ळ’ला जागाच नाही. शाहिरांनी एका तऱ्हेनं लिहिलं, कॅसेट कंपनीनं दुसऱ्या, रेडिओच्या यादीत तिसऱ्या. वाजलेलं गाणं आणि नोंदलेलं गाणं यांची गाठ पडायची तर यंत्रालाही थोडं मराठी यायला हवं. त्यात शाहिरांनी विनयानं गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ असं छापून घेतलेलं. आता हे पारंपरिक कोण, त्यांचा पॅन कुठाय?

नॉमिनीचा रकाना तेवढा चटकन भरला गेला. गाण्यावरचा हक्क कवीच्या मृत्यूनंतरही साठ वर्षं टिकतो, हे कळल्यावर जन्मभर ‘नसते धंदे’ म्हणणारे शाहिरांचे तिन्ही चिरंजीव माळ्यावर चढले. वरून एकेक ट्रंक खाली येतेय आणि मोठा विचारतोय, “आप्पा, कोऱ्या वह्या कुठल्या आणि लिहिलेल्या कुठल्या?”